गच्चीचं मत

पुण्यात पाट्यांचं कुणाला नवल नाही. तरी आमच्या सोसायटीच्या फाटकाजवळच्या फळ्यावर दर वर्षी वार्षिक सभेच्या आधीच्या रविवारी जी सूचना लागायची, ती वाचायला रस्त्यावरची माणसं थांबत. ‘आज सकाळी गच्चीवर सभा आहे. सभासदांनी कृपया येऊ नये. – अध्यक्ष.’

अक्षर निर्मला मेश्राम यांचं. आम्ही सगळे त्यांना मेश्रामबाई म्हणायचो. कर्वेनगरात कालव्याच्या अलीकडे आमची सोसायटी, चार मजली, लिफ्ट मागाहून बसवलेली. मेश्रामबाई तिच्या अध्यक्ष आणि मी सचिव. पुण्यातल्या सोसायटीत ही पदं कुणी मिळवत नाही, ती चिकटतात. बाकीचे खाली बघत बसले होते आणि आम्ही दोघी चुकून वर बघत होतो, एवढंच आमचं कर्तृत्व. कामांची वाटणी मी पहिल्याच दिवशी करून टाकली: पाणी, जिना, लिफ्ट, पार्किंग, वॉचमन, भांडणं. भांडणं त्यांच्याकडे, बाकी माझ्याकडे. माझ्याकडचं सगळं रांगेत चालायचं. मेश्रामबाई मात्र मला तेव्हाही नीट उलगडल्या नाहीत आणि अजूनही उलगडत नाहीत. लिहायला बसलं की सुटेल असं वाटून हे लिहायला घेतलं आहे.

बाई ठेंगण्या, अंगाने रुंद. सुती साडी, पदर कायम खोचलेला, जणू सभा संपली की लगेच ओटा धुवायचा आहे. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. मूळच्या वर्ध्याच्या. एरवी बोलणं आमच्यासारखंच, पण राग आला की आत दडलेलं वर्धा बाहेर यायचं. ‘काहून?’ असा एकच शब्द त्यांच्या तोंडून आला की मी पाण्याचा तांब्या जवळ ओढून घ्यायची. सभा आता लांबणार.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्य गेल्यामुळे असेल, समोरच्याचं बोलणं त्या आधी पूर्ण ऐकायच्या आणि मग परत त्यालाच ऐकवायच्या. “म्हणजे तुमचं म्हणणं असं, की शेजारच्यांची कुंडी तुमच्या दारासमोर वीतभर आली, म्हणून त्यांच्या मुलीच्या लग्नाला तुम्ही गेला नाहीत. बरोबर?” आपलंच बोलणं त्यांच्या तोंडून ऐकल्यावर निम्मी भांडणं तिथेच बसायची. उरलेल्या निम्म्यांना त्या चहा करायच्या.

इमारतीत कुणी नवं राहायला आलं की सामान वर चढायच्या आत मेश्रामबाई पाण्याची बाटली घेऊन दारात. पाणी द्यायच्या आणि तीन प्रश्न विचारायच्या. कुठून आलात? किती दिवस राहणार? परत जायचं आहे का? मी एकदा म्हटलं, अहो, त्यांच्या कराराची प्रत माझ्याकडे आहे, त्यात गाव आहे, मुदत आहे, कशाला विचारता? तर म्हणाल्या, “तिसऱ्याचं उत्तर करारात नसतं. आणि तिसऱ्याचं उत्तर सगळे खोटं देतात. मी पण दिलं होतं.”

त्यांनी काय उत्तर दिलं होतं, आणि खरं काय होतं, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं की नको, तेही कळत नाही.

गच्चीच्या सभेची सुरुवात पाण्यावरून झाली. हिंजवडीत तेव्हा एकामागून एक कंपन्या येत होत्या. सकाळी फाटकाशी कंपन्यांच्या बस उभ्या राहायच्या आणि आमच्या इमारतीतल्या निम्म्या घरांना कुलपं लागायची. ही घरं भाड्याची. मालक कुणी बंगलोरला, कुणी अमेरिकेत. पालिकेचं पाणी कमी आलं म्हणून टाकीतून दिवसात एकदाच पाणी सोडायचं ठरलं, आणि निवृत्त मंडळींच्या सोयीने वेळ ठरली सकाळी साडेआठची. सातच्या बसने जाणाऱ्यांच्या नळाला पाणीच येईना. दोघं-तिघं भाडेकरू सभेत सांगायला आले. त्यांना पहिल्या मजल्यावरच्या करंदीकरांनी, म्हणजे बँकेतून निवृत्त झालेल्या आमच्या कायदेपंडितांनी, बसल्या जागेवरून सांगितलं, “आपण सभासद नाही. आपल्याला सभेत बोलता येत नाही. आपल्या मालकांना सांगा.”

त्यातल्या एकाचा मालक न्यू जर्सीत होता. त्याच्या वतीने सहयोगी सभासद म्हणून त्याचे वडील, लिमये आजोबा, सदाशिव पेठेतून रिक्षाने यायचे. मुलाने फोनवर सांगितलेलं असायचं तसा हात वर करायचे, बटाटेवडा खायचे आणि रिक्षाने परत. त्या दिवशीही त्यांनी साडेआठच्या बाजूने हात वर केला.

मेश्रामबाई तेव्हा नुकत्याच अध्यक्ष झाल्या होत्या. म्हणाल्या, “काहून? जो इथे बादली भरतो त्याला हात वर करता येत नाही, आणि जो साता समुद्रापलीकडे आंघोळ करतो त्याचा हात वर?”

“उपविधीत तसंच आहे, बाई,” करंदीकर म्हणाले. “तुम्हाला आवडत नसेल तर उपविधी बदला. दोन तृतीयांश सभासद लागतील. बघा मिळतात का.”

ते मिळणार नव्हते. मेश्रामबाईंनी खोचलेला पदर परत खोचला. मग म्हणाल्या, “नियम मोडायचा नाही. पण माझं मत माझं आहे ना? ते मी कसं द्यायचं, हे उपविधीत नाही. आजपासून माझं मत गच्चीचं.”

कुणालाच काही कळलं नाही. मी इतिवृत्तात ते वाक्य लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकलं.

त्याचा अर्थ पुढच्या वर्षी कळला. वार्षिक सभेच्या आधीच्या रविवारी गच्चीवर सतरंजी टाकून त्या इमारतीतल्या सगळ्या बिनसभासदांना बोलवायच्या. भाडेकरू, स्वयंपाकाच्या बायका, वॉचमन, गाड्या धुणारा. येण्याचा हक्क कुणाला, याचा त्यांचा नियम सोपा होता: जो इथलं पाणी वापरतो तो. आमच्या सभेतला एकेक विषय त्या तिथे मांडायच्या, सगळ्यांना बोलू द्यायच्या, हात मोजायच्या. जिकडे हात जास्त, तिकडे वार्षिक सभेत मेश्रामबाईंचं मत. त्यांना स्वतःला काय वाटतं याला त्यात जागा नाही.

“पण तुम्हाला पटलं नाही तर?” मी विचारलं.

“मग पटलं नाही. मत दिलं ना मी त्यांना? दिलेलं परत मागायचं नसतं.”

हे नुसतं बोलणं नाही, हे मोबाइलच्या टॉवरच्या वेळी दिसलं. गच्चीवर टॉवर बसवू द्यावा हा ठराव त्यांनीच आणला होता. त्याच्या भाड्यातून गळकी गच्ची दुरुस्त होणार होती आणि बाईंचा जीव त्या गच्चीत अडकलेला. पण वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंनी टॉवरला नाही म्हटलं. सभेत बाईंनी ठराव वाचला, त्याचे सगळे फायदे मुद्देसूद सांगितले, आणि मतदानाला विरोधात हात वर केला. सूचक: निर्मला मेश्राम. विरोध: निर्मला मेश्राम. करंदीकर मला म्हणाले, “सचिव, हे असंच लिहा हो. पुढच्या पिढ्यांना करमणूक.” टॉवर एका मताने पडला. गच्ची पुढे दोन पावसाळे गळत राहिली. बाई बादल्या ठेवायला स्वतः वर जायच्या.

हे त्यांनी का आरंभलं असावं, याचा माझ्यापाशी एकच धागा आहे. एकदा लिफ्ट बंद पडली म्हणून दुरुस्तीवाल्याची वाट बघत आम्ही दोघी जिन्यात बसलो होतो, तेव्हा त्यांनी पुण्यात पहिल्यांदा आल्यावर खोली शोधल्याची हकिकत सांगितली. नोकरी लागलेली, वय कोवळं, लग्न झालेलं नाही. “चार प्रश्न असायचे बघा. नोकरी कुठे? टेलिफोनमध्ये म्हटलं की मान डोलायची. नाव काय? निर्मला म्हटलं की बसा म्हणायचे. आडनाव? मेश्राम म्हटलं की खोकला. मग गाव कुठलं, आणि गाव सांगेपर्यंत आतून बायको बाहेर आलेली असायची. खोली कालच गेली हो. बाप्पा, पुण्यातली प्रत्येक खोली कालच गेलेली असते!” असं म्हणून त्या एवढ्या मोठ्याने हसल्या की वरून कुणीतरी डोकावलं. त्या हसण्यात मी हसायचं की नाही हे मला ठरवता आलं नाही. मी लिफ्टवाल्याला परत फोन लावला.

खोली मिळाली तरी कुठलाच मालक आपला पत्ता लावू देईना. म्हणून मतदार यादीतलं त्यांचं नाव बरीच वर्षं वर्ध्यालाच राहिलं. प्रत्येक निवडणुकीला रात्रभर गाडीत बसून त्या मत द्यायला जायच्या. “राहायचं इथे, मत तिथे. तिथल्या उमेदवाराला मी ओळखत नाही आणि इथला मला ओळखत नाही.” कर्वेनगरात फ्लॅट घेतला तेव्हा पेढे वाटले ते वास्तुशांतीचे नव्हते. त्या तसलं काही करत नसत. पेढे मतदार यादीत नाव आल्याचे होते.

आता तो ठराव.

तिसऱ्या मजल्यावर, करंदीकरांच्या बरोबर डोक्यावर नाही पण एक मजला सोडून, लिमये आजोबांच्या मुलाच्या फ्लॅटमध्ये चार मुली राहायला आल्या. चौघी हिंजवडीत कामाला, चौघी बिनलग्नाच्या. त्यातली प्रणाली पुलगावची, म्हणजे मेश्रामबाईंच्या जिल्ह्यातली. पाण्याच्या बाटलीबरोबरचे तीन प्रश्न झाले आणि तिसऱ्याला प्रणाली म्हणाली, “माहीत नाही हो मावशी.” बाईंना खरं उत्तर देणारं पहिलं माणूस भेटलं असावं. तेव्हापासून ती मावशी म्हणायची आणि रविवारी त्यांच्याकडे पाटवडीचा रस्सा खायला असायची. बाई कुणाला लाडावणाऱ्या नव्हत्या. पण प्रणाली आली नाही की रस्स्याचं पातेलं आमच्याकडे यायचं आणि बाई चिडलेल्या असायच्या.

मुलींचं ऑफिस अमेरिकेच्या घड्याळावर चालायचं. येणं-जाणं अवेळी, जिन्यात सँडल, खुर्च्या सरकण्याचे आवाज. करंदीकर म्हणायचे, “आमच्या झोपेच्या वेळी यांची अमेरिका उजाडते.” त्यांनी ठराव दिला: यापुढे सोसायटीतल्या सदनिका फक्त कुटुंबांना भाड्याने द्याव्यात, आणि अविवाहितांचे चालू करार संपल्यावर वाढवू नयेत. आमच्याकडे सगळे करार अकरा महिन्यांचे. म्हणजे मुलींना दिवाळीपर्यंत घर सोडावं लागणार.

मी ठरावाच्या बाजूने होते. मुली चांगल्या होत्या. पण मी पहाटे उठणारी आहे. आज परत मतदान झालं तर काय करीन सांगता येत नाही.

मेश्रामबाई निर्धास्त होत्या. माझ्यापाशी म्हणाल्या, “गच्ची हे कधी होऊ देणार नाही. भाडेकरू भाडेकरूला हाकलेल का?”

रविवारी फळ्यावर सूचना लागली. सभासदांनी येऊ नये हा नियम मलाही होता, पण गच्चीच्या सभेची टिपणं कुणीतरी करायला हवीत म्हणून मला जिन्याच्या दारात स्टूल मिळायचं. आत यायचं नाही, बोलायचं नाही.

ठराव वाचून झाल्यावर पहिली बोलली सविता भोसले. भोसले कुटुंब सोलापूरकडचं. नवरा हिंजवडीच्याच एका कंपनीची बस चालवायचा, दोन मुलं कर्वेनगरच्या शाळेत. सविता एरवी गच्चीवर वाळवणापुरती यायची. त्या दिवशी उभी राहिली.

“बाई, त्या पोरी वाईट न्हाईत. माझ्या पोरीला इंग्लिश शिकिवत्यात. पण त्यांच्या घरात चार पगार येत्यात, आमच्या घरात एक. आमच्या मालकानं त्यांचं भाडं ऐकलंय. म्हनतो, पुढच्या कराराला तेवढं द्या, न्हाईतर मी पन पोरीच ठिवतो. मग आमी कुठं जायाचं?”

प्रणाली एकटीच आली होती. बाकी तिघी रात्रभर काम करून झोपलेल्या. ती म्हणाली, “पण काकू, आम्ही तरी कुठे जायचं? जिथे जाऊ तिथे फॅमिलीच पाहिजे म्हणतात.”

“तुमाला गाव हाय. आईबाप हायत.”

“तुम्हाला नाहीत?”

सविता खाली बसली. दुसऱ्या एका घरातल्या नवऱ्याने तेच मांडलं: एकटे कमावते आले की भाडी चढतात, कुटुंबं गावाबाहेर फेकली जातात. त्यात खोटं काही नव्हतं. मुलींकडे स्वयंपाक करणाऱ्या शांताबाई मध्येच म्हणाल्या, “मला कशाला इचारता? पोरी गेल्या तर माझं काम जातंय, आन सविता गेली तर माझी मैतरीन जातीया.” आणि त्यांनी दोन्ही वेळा हात खालीच ठेवला.

मेश्रामबाई सगळ्यांचं बोलणं परत ऐकवत होत्या, नेहमीसारखं. “म्हणजे तुमचं म्हणणं असं, की यांना घर मिळालं तर तुमचं जाईल. बरोबर?” पण या वेळी कुणी लाजलं नाही. सविता म्हणाली, “हां. बरोबर.”

मग बाई प्रणालीकडे वळल्या. “बाकीच्या पोरींना उठव.”

“मावशी, उठवलं तरी आम्ही कमीच.”

हात मोजायची गरज नव्हती, तरी त्यांनी मोजले. गच्चीचं मत: मुलींनी जावं. उतरताना प्रणाली जिन्यात माझ्याजवळ थांबली आणि मागून येणाऱ्या मेश्रामबाईंना म्हणाली, “मावशी, हे मत माझंही होतं ना?”

“होतं. एकटीचं नव्हतं.”

त्या आठवड्यात मी त्यांना दोनदा भेटले. दोन्ही वेळा त्या घर आवरत होत्या. आवरलेलं परत आवरत होत्या. मी स्पष्टच विचारलं, काय करणार? “दिलेलं परत मागायचं नसतं,” त्या म्हणाल्या, पण माझ्याकडे न बघता. मी घरी येऊन कागदावर दोन बाजू मांडल्या. एका बाजूला शब्द आणि भोसले. दुसऱ्या बाजूला चार मुली आणि बाईंचं स्वतःचं मन. बेरीज होईना. शब्द पाळला तर ज्यांच्यासाठी गच्ची उघडली असं मला वाटत होतं त्यांनाच बाहेर काढायचं. मोडला तर गच्ची म्हणजे नुसती करमणूक होती असं ठरायचं.

वार्षिक सभा पार्किंगमध्ये भरायची. भाडेकरूंना बसता येत नसे, पण जिन्यात उभं राहायला कुणाची मनाई नव्हती. त्या दिवशी जिना भरलेला. एका वळणावर सविता आणि तिचा नवरा, वरच्या पायऱ्यांवर प्रणाली. करंदीकरांनी ठराव वाचला. इथे राहणारे सभासद बहुतेक बाजूने. बाहेर असलेल्या मालकांची माणसं विरोधात. त्यांना चार पगारांचं भाडं हवं होतं. लिमये आजोबांचा हात मुलींच्या बाजूने गेला, कारण न्यू जर्सीहून तसा निरोप होता. कोण कशासाठी कुणाच्या बाजूने आहे, हे बघून मी गोंधळून गेले.

मेश्रामबाईंनी सगळ्यात शेवटी हात वर केला. ठरावाच्या बाजूने. सरळ, कोपर न वाकवता, मी मोजून होईपर्यंत.

मी मोजलं. परत मोजलं. दोन्हीकडे सारखी मतं.

करंदीकरच म्हणाले, “समसमान. उपविधीप्रमाणे अध्यक्षांना निर्णायक मत आहे. द्या बाई. बाजू तर तुमची ठरलेलीच आहे.”

बाई खुर्चीत बसल्या होत्या त्या उठून उभ्या राहिल्या. “पहिलं मत गच्चीचं होतं. ते मी दिलं. हे दुसरं मला खुर्चीने दिलं. याच्याबद्दल गच्ची मला काही बोलली नाही.”

“म्हणजे?”

“हे माझं आहे. विरोधात.”

करंदीकर अगदी शांतपणे म्हणाले, “म्हणजे एकाच ठरावाच्या बाजूने आपण, आणि विरोधातही आपणच.”

“हो.”

“मग पहिलं मत विरोधात दिलं असतंत तरी निकाल हाच लागला असता.”

“हो.”

“मग दिलंत कशाला?”

“द्यायचं होतं म्हणून.”

ठराव फेटाळला. मुलींना राहता येणार होतं. टाळ्या वाजल्या नाहीत. लिमये आजोबांनी वड्याची बशी उचलली आणि परत ठेवली.

जिन्यातून सविता दोन पायऱ्या खाली आली. सभासद नसताना सभेत बोललेली ती पहिलीच, आणि तिला कुणी अडवलं नाही. “बाई, आमचं मत तुमी दिलं म्हनता. मग ते कुठं गेलं?”

मेश्रामबाईंनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता म्हणतील, म्हणजे तुमचं म्हणणं असं. त्यांनी ते मिटलं आणि त्या खुर्चीत बसल्या.

तेवढ्याने भागलं असतं तर मी म्हटलं असतं, निदान मुली तरी बाईंच्या झाल्या. तसंही झालं नाही. दुसऱ्या दिवशी मी इतिवृत्ताचं विचारायला बाईंकडे गेले, तेव्हा प्रणाली दारातच उभी होती, आत न जाता.

“तुमचा हात वर गेला तो मी बघितला, मावशी.”

“दुसरा नाही बघितला?”

“तो नंतरचा.”

“नंतरचाच कामी आला ना, पोरी.”

“हो. थँक्यू.” ती हे अगदी मनापासून म्हणाली, आणि निघून गेली. पुढच्या रविवारी रस्स्याचं पातेलं आमच्याकडे आलं. त्याच्या पुढच्या रविवारी बाईंनी रस्सा केलाच नाही.

त्या दिवशी मी बाईंना विचारलं, इतिवृत्तात काय लिहायचं? त्या म्हणाल्या, घडलं तसं लिहा. घडलं तसं लिहिलं, तर वाचणाऱ्याला सचिवाची चूक वाटते. पुढे हिशेब तपासायला आलेल्या माणसाने त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारून ‘खुलासा करावा’ असं लिहिलं. तो खुलासा अजून व्हायचा आहे.

त्याच महिन्यात त्यांनी अध्यक्षपद सोडलं. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, “त्या खुर्चीत दोन मतं असतात हे माझ्या लक्षात नव्हतं आलं इतकी वर्षं. लक्षात असतं तर गच्चीला आधीच सांगितलं असतं, की बाप्पांनो, एक तुमचं आणि एक माझं. मग त्यांनी मला दिलं असतं का सांभाळायला?” मला वाटलं त्यांना उत्तर हवं आहे. मी म्हटलं, नसतं दिलं. त्यांनी मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, ते समजलं नाही.

भोसल्यांचा करार दिवाळीनंतर संपला. मालकाने म्हटल्याप्रमाणे केलं. त्या फ्लॅटसाठी नोकरी करणाऱ्या मुलांचा एक गट आधीच बघून गेला होता. भोसल्यांना लोणी काळभोरला जागा मिळाली. तिथून हिंजवडी म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं टोक. मुलांची शाळा वर्षाच्या मधेच बदलावी लागली.

ज्या संध्याकाळी त्यांचा टेम्पो भरला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मुलीच्या बाळंतपणासाठी नाशिकला गेले आणि बरेच महिने तिथे राहिले. परत आले तेव्हा मेश्रामबाई फ्लॅट विकून वर्ध्याला बहिणीकडे गेल्या होत्या. वर्षभराने तिथेच वारल्याचं कळलं. म्हणून माझ्यापुरतं त्यांचं शेवटचं दर्शन त्या संध्याकाळचं.

मी गॅलरीतून बघत होते, खालचं बोलणं ऐकू येत होतं. कपाट, गादी, शिलाई मशीन, सायकल असं एकेक चढलं. भोसले मागे सामानात बसले, मुलगा त्यांच्याजवळ. सविता पुढे ड्रायव्हरशेजारी, मुलगी मांडीवर, गाठोडं बाजूला. तेवढ्यात मेश्रामबाई खाली आल्या. हातात पर्स, पायात बाहेरच्या चपला. टेम्पोचं दार उघडून उभ्या राहिल्या.

सविता म्हणाली, “बाई, आमी काय तुमाला बोलावलं न्हाई.”

“माहीत आहे.”

“तिकडं आमाला कुनाचं मत नको.”

“मत घेऊन नाही येत. भांडी लावायला येते. पोरगी झोपेल तोवर तुझा ओटा लागला पाहिजे.”

“आन परत कशा येनार?”

“येईन.”

सविताने दाराच्या कडीला हात घातला. मला वाटलं ती दार ओढून घेईल. मग तिने बाजूचं गाठोडं उचललं आणि मुलीच्या पायांवर ठेवलं. जागा झाली. मेश्रामबाई चढल्या.

टेम्पो फाटकापाशी पोचला आणि समोरून हिंजवडीची बस गल्लीत वळली. आमच्या गल्लीत दोन्ही मावत नाहीत. दोघांनी हॉर्न वाजवले, कुणी मागे घेईना. त्या आठवड्यात दिवसपाळी असलेली प्रणाली बसमधून उतरली, पाठीवर बॅग, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. तिने टेम्पोत कोण बसलं आहे ते बघितलं. ती बसच्या मागे गेली आणि पत्र्यावर हात आपटत मोठ्याने ओरडायला लागली, “येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे.” बस हळूहळू मागे गेली, पार मुख्य रस्त्यापर्यंत, आणि प्रणाली तिच्या मागे मागे सरकत गेली.

टेम्पो बाहेर पडला. मेश्रामबाईंचं डोकं मला तेवढं दिसत होतं, सविताच्या डोक्याच्या शेजारी. त्या काही बोलत होत्या की सविता बोलत होती, ते वरून कळत नव्हतं.